तोंडावर सांगणारी माणसं

१२ जानेवारी

वहिनी,

नमस्कार-चमत्कार मागाहून, आधी खुर्चीत नीट बस. हे पत्र शाळेतच वाच, तुझ्या त्या पुस्तकांच्या कपाटांमध्ये. घरी नेऊ नकोस. मुद्दाम शाळेच्या पत्त्यावर पाठवलंय, कारण फोनवर तुझ्याशी धड बोलताच येत नाही. तू ‘हॅलो’ म्हणतेस तोवर आई फोन ओढून घेते आणि जेवलीस का विचारते. मग दादा नोकरी बरी चाललीय ना एवढं विचारतो आणि फोन ठेवून मोकळा होतो. मनातलं सांगायचं कुणाला, भिंतीला?

तर वहिनी, इथे येऊन दीड महिना झाला आणि माझा वासलेला आ अजून मिटलेला नाही. थंडीचं म्हणत नाही मी, थंडीला कोट आहे. धक्का बसतोय तो इथल्या माणसांच्या जिभेचा. ही माणसं खरं बोलतात गं! आपणही बोलतो, पण वेळकाळ बघून, थोडं पाणी घालून. इथे पाणी घालायची पद्धतच नाही.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात बेल वाजवली. गोड हसल्या. मी म्हटलं चला, शेजारधर्म! चहाचं आधण ठेवायला वळले, तर म्हणतात, “तुम्ही टाचा आपटत चालता. मला त्रास होतो.” एवढं बोलून, पुन्हा गोड हसून, गेल्या की खाली. मी दार धरून तशीच उभी. आता घरात मांजरासारखी चालते.

मग वॉर्डातल्या एका सिस्टरला म्हटलं, रविवारी चहाला ये. ती म्हणाली, “नको, मला नाही यायचं.” बस्स! पाहुणे येणार आहेत नाही, डोकं दुखतंय नाही, मुलाची परीक्षा नाही. मी बापडी कारण ऐकायला थांबले होते. ते आलंच नाही. वर दुसऱ्या दिवशी तिनेच आपलं सफरचंद कापून अर्धं मला दिलं. म्हणजे राग वगैरे काही नव्हता, तिला खरंच यायचं नव्हतं! आणि आमच्या इन्चार्ज सिस्टर. त्यांनी महिनाभर माझं काम पाहिलं आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, “हात हलका आहे, अक्षर वाईट आहे, आणि तू फार बोलतेस.” यातलं शेवटचं तू दादाला सांगू नकोस, तो इन्चार्ज सिस्टरना नारळ देऊन सत्कार करेल.

पण हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. परवा जे पाहिलं त्याने मात्र माझी वाचा बसली.

माझ्याकडे एक आजी आहेत. जन्मभर शहरातली बस चालवली, मी त्यांना मनात बसवाली आजी म्हणते. आवाज असा खणखणीत की अजून मागच्या सीटवरचा माणूस दचकेल. बुधवारी डॉक्टर आला, माझ्याहून लहान पोरगा. खुर्ची ओढून त्यांच्या उशाशी बसला, त्यांचा हात हातात घेतला. मला वाटलं नाडी बघतोय. तर त्याने सरळ सांगितलं, “तुमचा आजार बरा होणारा नाही. उन्हाळ्यापर्यंत वेळ आहे असं वाटतं, पण खात्री देत नाही.” वहिनी, त्यांच्या तोंडावर! जिवंत माणसाच्या तोंडावर! माझ्या हातातला ट्रे खाली पडला, बाटल्या घरंगळत पलंगाखाली गेल्या.

मी त्याच्या मागे धावले. म्हटलं, अहो, त्यांना मुलगा आहे ना? त्याला बाहेर बोलावून सांगायचं. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “आजार त्यांचा आहे. त्यांनी परवानगी दिली तर मुलाला सांगेन.” घ्या! आईचा आजार मुलाला सांगायला आईची परवानगी!

दुसऱ्या दिवशी मी आजींचे केस विंचरत होते. त्यांनी हळूच विचारलं, “तू तुझ्याकडे पुष्कळ रोगी पाहिले असशील. डॉक्टर म्हणतो ते खरं का गं?” आता तूच सांग, मी काय बोलणार होते? माझ्या आईच्या वयाची बाई. मी म्हटलं, “डॉक्टरांचं काय घेऊन बसलात! असे कितीतरी जण मी स्वतःच्या पायांनी घरी गेलेले पाहिलेत. तुम्हीही जाल.” त्यांचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! दुपारी दोन घास जास्त खाल्ले. कुणीतरी माणुसकीने बोलायला हवंच होतं, नाही का?

आई फोनवर पित्त होतंय म्हणत होती. डॉक्टरला दाखवलंत का? लिही.

तुझी,
चिंगी


२४ जानेवारी

वन्सं,

तुझं पत्र पोचलं. ग्रंथालयातच वाचलं, आणि एवढ्या मोठ्याने हसले की मुख्याध्यापक डोकावून गेले. टाचा आपटून चालते म्हणे! आमच्याकडे जिना चढताना तुझ्या पावलांवरून आम्ही ओळखायचो की चिंगी भांडून आलीय की पगार घेऊन. त्या बाईंना काय कळणार त्यातलं!

बसवाल्या आजींचं वाचून मात्र अंगावर काटा आला. असं कुणी बोलतं का? माणसाला आशेवर तरी जगू द्यावं. तू बोललीस ते अगदी बरोबर बोललीस. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या लोकांनी उगाच म्हणून ठेवलेलं नाही. यांनाही तुझं पत्र वाचून दाखवलं. तू नको म्हणाली होतीस, पण दाखवलं. म्हणाले, आमची चिंगी नर्स असूनसुद्धा असं म्हणते, बघ. दोनदा म्हणाले.

आईंना डॉक्टरकडे नेलं होतं. काळजीचं काही नाही. अल्सर आहे. मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढले, तर आई बाहेर येऊन त्या तंत्रज्ञाला म्हणतात, “बाळा, आत अस्तर नाही का लावलेलं? पाठीला गार लागतं.” जन्मभर ब्लाउज शिवलेली बाई, तिला मशीनमध्येही अस्तर दिसतं. पथ्य सुरू केलंय. तिखट बंद, चहा बंद, लोणचं बंद, नुसता मऊ भात आणि दूध. वैतागल्यात, पण मी हेडमास्तरीणच आहे याबाबतीत. शिवणाचं मशीन सध्या झाकून ठेवलंय, बसून बसून पाठ दुखते म्हणून. गिऱ्हाइकांना सांगितलंय, पुढच्या महिन्यात या.

तू तुझ्या नोकरीकडे लक्ष दे. पहिले सहा महिने देखरेखीचे आहेत ना? ते नीट पार पाड. इकडे आम्ही आहोत.

तुझी,
वहिनी


५ फेब्रुवारी

वहिनी,

ते पत्र फाडून टाक. माझं पहिलं, बसवाल्या आजींचं. मला माझीच लाज वाटते आहे. अक्षर लागलं नाही तर म्हण, इन्चार्ज सिस्टरनी आधीच सांगितलं होतं.

झालं असं. आजींचा मुलगा दूरच्या शहरात असतो. दोघांचं काही वर्षांपूर्वी बिनसलं होतं, बोलणं बंद. डॉक्टरने सांगितल्यावर आजींनी आपण होऊन त्याला फोन केला होता, ये म्हणून. आणि मी केस विंचरता विंचरता दिव्य ज्ञान पाजळल्यावर त्यांनी पुन्हा फोन केला. घाई नाही म्हणाल्या. उन्हाळ्यात सुट्टी काढून ये, मी तोवर घरी असेन. शिवाय चालायचे नवे बूट मागवले. बूट वॉर्डात आले तेव्हा इन्चार्ज सिस्टरनी विचारलं, हे काय? आजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. अगदी कौतुकाने.

मला खोलीत बोलावलं गेलं. मला वाटलं ओरडतील, मग मी रडेन, मग त्या म्हणतील जाऊ दे. आपल्याकडे असंच होतं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “त्यांच्याकडे वेळ थोडा आहे, हे त्यांना कळलं होतं. त्या वेळेचं काय करायचं ते त्यांनी ठरवलंही होतं. तू त्यांचा वेळ चोरलास.” मी म्हटलं, मी दयेपोटी बोलले. त्या म्हणाल्या, “असेल. आता जा आणि तुझा शब्द तूच परत घे.”

चोर! मला आजवर कुणी मेथीची जुडीसुद्धा न विचारता घेताना पाहिलेलं नाही, वहिनी.

गेले. आजी बूट घालून पलंगावर बसल्या होत्या, पाय हलवत. मी सांगितलं. मी खोटं बोलले, डॉक्टर म्हणतात तेच खरं आहे. वाटलं, त्या कोसळतील. त्यांनी मला एक सणसणीत शिवी दिली, ती मी इथे लिहीत नाही, अर्थ मलाही नंतर विचारावा लागला. मग म्हणाल्या, “मी त्याला नको म्हटलं ना! आता त्याची रजा गेली.” मरणाचं काही नाही, वहिनी. मुलाची रजा गेली याचं त्यांना पडलं होतं. फोन मागितला. मुलगा आता बोटीवर कामाला गेलाय, परतायला वेळ आहे. बूट काढून देत म्हणाल्या, “हे परत पाठव. आणि पुन्हा माझे केस विंचरायचे नाहीत.”

माझ्यावर लेखी ताकीद आली आहे. त्याचं दुःख नाही. मी गेले चार दिवस जेवले नाही म्हटलं तरी चालेल.

आणि आता दुसरी गोष्ट. तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. अल्सरसाठी दुर्बीण घालतात, तेवढ्यासाठी त्या मोठ्या मशीनमध्ये घालून पोटाचे फोटो काढत नाहीत. पाठ का दुखते? शिवणाचं मशीन झाकायला आईने होकार कसा दिला? ताप अंगात असताना ती शिवायला बसायची. मी नर्स आहे, वहिनी. मला शेंड्या लावू नकोस. काय निघालं ते लिही.

चिंगी


१९ फेब्रुवारी

चिंगे,

दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात तुला झापलं होतं, की तिकडे जाऊन तीन महिने झाले नाहीत तोच आम्हाला शहाणपणा शिकवायला निघाली. दुसऱ्यात पुन्हा अल्सरच लिहिला होता. हे तिसरं. यांनी मला त्यांच्या गळ्याची शपथ घातली आहे, ती मी मोडते आहे. देव बघून घेईल.

आईंच्या पोटात गाठ आहे. पसरली आहे. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. आपल्या डॉक्टरांनी यांना बाहेर बोलावून सांगितलं, तू म्हणतेस ना, बाहेर बोलावून, तसंच. मी औषधाच्या दुकानातून परत आले तर हे दवाखान्याच्या पायरीवर बसलेले. चप्पल एकाच पायात. दुसरी कुठे राहिली ते त्यांना सांगता येईना.

डॉक्टर म्हणाले होते, महिने मोजायचे. म्हणाले, आईंना सांगा, त्या खंबीर आहेत. मीही म्हणत होते की सांगू या. खोटं नाही बोलत, चिंगे, मी म्हणत होते. यांचंही अर्धं मन झालं होतं. नेमकं त्या आठवड्यात तुझं पत्र आलं. मी मूर्खासारखं घरी नेलं, हसवायचं म्हणून यांना वाचून दाखवलं. त्या टाचांवर हसले थोडे. मग आजींचा भाग आला आणि त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. “बघ, रोज माणसं मरताना पाहणारी आपली चिंगी. ती नाही सांगत. मग आपण कोण सांगणारे?” तिथेच ठरलं. आईंना अल्सर म्हणायचं. आणि तुला काहीच नाही म्हणायचं, कारण तू नोकरी टाकून धावत येशील.

तुझ्यावर ढकलत नाही मी. पण झालं ते असं झालं, ते तुला कळायला हवं.

घरात आता नाटक चालू आहे आणि मला संवाद पाठ होत नाहीत. आई विचारतात, “अल्सरने एवढं दुखतं का गं?” मी म्हणते, दुखतं. मग त्याच म्हणतात, “मीच मेली नाजूक झालेय.” कण्हायला लागल्या की उशी तोंडावर घेतात, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो आम्हा दोघींनाही चालू आहे.

तुझ्या पाया पडते, फोनवर काही बोलू नकोस. यांना कळलं मी लिहिलं तर माझं काही खरं नाही.

वहिनी


३ मार्च

वहिनी,

तुझं पत्र जिन्यात उघडलं. मग मी खालच्या बाईंच्या दाराशीच पायरीवर बसून राहिले. त्या बाहेर आल्या. मला वाटलं, आता म्हणतील पायरी अडवू नका. त्यांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं, आणि त्या माझ्या शेजारी बसल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, “हे फार वाईट आहे.” एवढंच. बरं होईल म्हणाल्या नाहीत.

मी फोन केला होता त्या दिवशी. आईनेच उचलला. “जेवलीस का?” म्हणाली. मी हो म्हटलं. मग मीच विचारलं, तू जेवलीस का? “अगं मऊ भात, त्याला काय जेवण म्हणायचं!” म्हणाली आणि हसली. मी लाइन खराब आहे म्हणून ठेवून दिला. बघ, पुन्हा खोटंच बोलले.

माझ्या एका वाक्याने. वहिनी, दोन आयांचा घात केला मी एका वाक्याने. एक समोरची आणि एक माझी स्वतःची. ते वाक्य समुद्र ओलांडून घरी पोचेल आणि माझ्याच आईच्या ताटात मऊ भात होऊन पडेल हे मला कसं कळावं!

बसवाल्या आजी गेल्या. मुलगा पोचला, पण आदल्या दिवसापासून त्यांची शुद्ध हरपली होती. तो वाकून तासभर काही काही बोलत होता. मग बाहेर येऊन त्याने मला विचारलं, “तिने आधी ये म्हटलं, मग नको का म्हटलं?” इन्चार्ज सिस्टर शेजारी उभ्या होत्या. त्या बोलल्या असत्या, पण मीच सांगितलं. मी त्यांना खोटी आशा दाखवली, म्हणून. वाटलं मारेल. तो खूप थकलेला दिसत होता. म्हणाला, “ती फोनवर म्हणाली होती, नर्सने सांगितलंय. मला वाटलं, नर्सला माहीत असतं.” आणि आत जाऊन बसला. संध्याकाळी आजी गेल्या. इथे कुणी मोठ्याने रडलं नाही. मीच रडले, हमसून हमसून. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

इन्चार्ज सिस्टरनी मला रुमाल दिला. “चुकलीस,” म्हणाल्या, “सकाळच्या पाळीला ये.” मग मी त्यांना आईचं सांगितलं. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला अल्सर आहे असं भासवून ठेवलंय तेही सांगितलं. आणि वहिनी, आता आ वासायची पाळी त्यांची होती. हातातला कप टेबलावर ठेवला. “तिला सोडून सगळ्यांना माहीत आहे? सुनेला, मुलाला, तुला? आणि मला?” मी मान हलवली. “मला! जी तिला ओळखतही नाही!” एवढ्या कडक बाईचा चेहरा पार उतरला होता. मला आजवर इथल्या लोकांचाच धक्का बसत होता, आपलाही कुणाला बसेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनीच माझ्या रजेची सोय केली.

मी या महिन्याच्या अखेरीला येतेय. तोवर आईला सांग. तूच सांग, दादाला जमायचं नाही. आणि दुखण्यावर चांगली औषधं असतात. ती अल्सर म्हणून तिला मिळणार नाहीत, हे डॉक्टरांशी बोल. मी येईपर्यंत कुणी सांगितलं नसेल तर मी आल्या आल्या सांगणार. हे पत्र दादाला दाखवलंस तरी चालेल. शपथ माझ्यावर.

चिंगी


१३ मार्च

चि. चिंगीस,

हे पत्र लिहितो आहे कारण फोनवर भांडता येत नाही, आई ऐकते.

तू येऊ नकोस. नीट वाच, येऊ नकोस. नोकरी लागून चार महिने झालेली मुलगी उगाच घरी येत नाही, हे आईला कळतं. तुला दारात पाहिलं की तिला सगळं कळेल. कुणी काही सांगायची गरजच राहणार नाही. तुझं येणं म्हणजेच निकाल.

तुझ्या वहिनीने तुझं पत्र मला दाखवलं. मी तिला काही बोललो नाही. घरात सध्या कुणी कुणाशी बोलत नाही. तिकडच्या लोकांचं तिकडे. त्यांना सांगायची सवय आहे, ऐकायचीही असेल. बाबा गेले तेव्हा आई सहा महिने अंथरुणाला खिळली होती, ते तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. मला आठवतं. मी तिला जेवू घालत होतो. मला ते पुन्हा बघायचं नाही.

तू म्हणशील दादा भित्रा आहे. असेन. पण आई रोज सकाळी मला विचारते, आज मला कालच्यापेक्षा बरं दिसतंय ना रे? मी हो म्हणतो. मी नाही कसं म्हणू, ते तूच सांग. इन्चार्ज सिस्टरना विचार आणि सांग.

रजा रद्द कर.

दादा


१६ मार्च

चिंगे,

मला पत्र लिहायची सवय नाही. आमचं लिखाण म्हणजे छाती, कंबर, बाही. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे.

आज सकाळी सूनबाईने भाजी निवडता निवडता सांगितलं. आधी म्हणाली, आई, अल्सर नाही. मी म्हटलं, मग काय आहे? तिने सांगितलं. सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले, कधी म्हणाले. तू काय लिहिलंस तेही. तुझी पत्रं वाचून दाखवली. भाजी तशीच राहिली.

मला काय झालं ते तुला खरं सांगते. आधी मला काही कळेचना. कान बंद झाले. मग राग आला, असा राग आला की समोरची परात मी ढकलून दिली. अगं, दोन महिने! दोन महिने या लोकांनी मला दवाखान्यातल्यासारखं मिळमिळीत खायला घातलं. लोणच्याची बरणी माझ्यापासून लपवून वरच्या फळीवर ठेवली. चहा मागितला तर दूध. जी बाई वाचणारच नाही तिला पथ्य! सूनबाई रडत होती, मी ओरडत होते. मी म्हटलं, आधी चहा टाक. कडक. मग रडत बस. दोन कप प्यायले. पोटात आग झाली, होऊ दे.

मग मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि रडले. खंबीर वगैरे काही नाही मी. डॉक्टरला काय माहीत.

पण चिंगे, एक सांगते. मला वाटत होतं मीच रडी झालेय. एवढ्याशा अल्सरने माणूस असं कण्हतं का? दादा म्हणायचा, बरी दिसतेस. सून म्हणायची, बरी दिसतेस. आणि मला आतून कुणी कात्रीने कापल्यासारखं व्हायचं. मी म्हणायचे, सगळे म्हणतात तर बरीच असेन, माझंच डोकं फिरलंय. शेजारीण आली की तिच्यापुढे हसून दाखवायचे. आज कळलं की दुखत होतं ते खरंच दुखत होतं. त्याचं मला केवढं बरं वाटलं, वेडी म्हणशील मला.

तू त्या आजींना जे बोललीस, तेच मीही बोलले असते. तुला मीच असं वाढवलंय. तेव्हा त्याचं ओझं एकटीने वाहू नकोस. मात्र चूक ती चूक.

दादाने तुला येऊ नकोस म्हणून लिहिलंय म्हणे. ते पत्र चुलीत घाल. त्याला अजून माहीत नाही की मला सांगितलंय. आज कामावरून आला की मीच सांगणार. सूनबाईला म्हटलं, तू मध्ये पडू नकोस, तुझ्यावर येऊ देणार नाही. आधी त्याला पोटभर जेवू दे, मग सांगते. लहानपणी शाळेतला मार लपवायचा तेव्हा त्याचे कान लाल व्हायचे. दोन महिने लाल आहेत. मला वाटलं उन्हाने.

आता कामाचं. मशीनवरचं झाकण काढलंय. सहा जणींची कापडं कपाटात पडून आहेत. जेवढी होतील तेवढी शिवते, बाकीची तू आल्यावर परत नेऊन दे. प्रत्येकीला नीट सांग, का ते. अल्सर म्हणू नकोस. दुखण्याचं ते चांगलं औषध तू येताना घेऊन ये, किंवा इथल्या डॉक्टरला तू सांग, तुझं ऐकेल.

आणि हे दादाला नाही सांगता येणार, तो घाबरेल. सुनेला नाही सांगता येणार, ती आजच खूप रडली आहे. फोनवर तर नाहीच. तू रोज माणसं अशी जाताना बघतेस, म्हणून तुला लिहिते. चिंगे, मला भीती वाटते. फार भीती वाटते. रात्री दिवा मालवला की जास्त. तू येऊन माझ्या शेजारी झोप. भिऊ नकोस म्हणू नकोस, नुसती झोप.

लवकर ये.

आई